खोक्याच्या लाकडाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझी गोष्ट खरं तर मला घडवलं तिथून सांगायला हवी. पण मी पापडांच्या दिवसापासून सुरुवात करते, कारण आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता.

आमचं घर जळगावच्या पिंप्राळ्यात आहे. पुढे फरशीचा ओटा, आत बैठकीची खोली, आणि तिच्यात खिडकीशी मी. मार्च महिना होता. ऊन तापू लागलं होतं, पण अजून सोसण्यासारखं होतं. घरमालकीण मंदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पण बसणं एखाद्या पोरीसारखं: एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा उभा, मांडीजवळ पोळपाट. शेजारच्या लताबाई त्यांच्यासमोर, आणि गल्लीतल्या आणखी काही जणी गोल करून बसलेल्या. उडदाचं पीठ तेलाचा हात लावून लावून कुटून झालं होतं. हिंगाचा वास माझ्यापर्यंत येत होता. मला त्या दिवशी बसण्याचं काम नव्हतं. माझ्यावर लाटलेल्या पापडांची चळत ठेवली होती.

मंदाबाईंची मुलगी दीपमाला धुळ्याहून आली होती. ती तिथे कॉलेजात शिकवते. खूप वाचलेली मुलगी. बोलते कमी, आणि बोलली की पुस्तकातल्यासारखं नीट बोलते. दारात उभं राहून तिने आईला विचारलं, "आई, अशी किती वेळ बसणार आहेस? खुर्ची आणून देऊ का?"

मंदाबाई माहेरच्या अहिराणीत म्हणाल्या, "खुर्चीवर बशीसन कोणी पापड लाटस का व?"

"लाटी ना," लताबाई म्हणाल्या. "तुमनी पोर प्रोफेसर शे. ती टेबलवर पोळपाट ठेवी, आन पापडेसले मार्क दी."

"मंग माले नापासच करी. मना पापड कधी गोल व्हयनाच नई."

सगळ्या हसल्या. दीपमालाही हसली. तिने खाली वाकून आईचा एक पापड उचलला, उजेडात धरला आणि म्हणाली, "ग्रेस मार्क देऊन पास."

संध्याकाळी बायका आपापल्या घरी गेल्या. मंदाबाई नेहमीसारख्या जमिनीला हात टेकून उठल्या. आयुष्यभर त्या तशाच उठत आल्या होत्या, कुणाचा हात न मागता. जिथे त्या दुपारभर बसल्या होत्या तिथे फरशीवर पिठाचं तेल उतरलं होतं. त्याच जागेवर पाय पडला आणि सरकला. फार मोठं पडणं नव्हतं ते. आवाजही मोठा झाला नाही. मंदाबाई कुशीवर पडल्या आणि लगेच म्हणाल्या, "काही नई व्हयनं, काही नई व्हयनं." पण त्यांचा डावा पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता, आणि उजव्यापेक्षा आखूड दिसत होता. दीपमालाने तो पाय पाहिला आणि तिच्या हातातला डबा तिने सावकाश खाली ठेवला. पुस्तकं वाचलेल्या माणसाला काही गोष्टी नुसत्या पाहून कळतात.

त्यांना रिक्षातून नेलं. पापड माझ्यावर तसेच राहिले, आणि सकाळपर्यंत वाकडे होऊन वाळले.

मित्रांनो, आता माझ्या जन्माचं सांगते. भुसावळजवळच्या दीपनगरला वीज तयार करण्याचा कारखाना आहे. मंदाबाईंचे यजमान रुपचंद तिथे हेल्पर होते. परदेशातून यंत्रं यायची ती भल्यामोठ्या लाकडी खोक्यांत. यंत्र बसलं की खोकी मोडायची आणि फळ्या परवानगी घेऊन कामगार घरी न्यायचे. बहुतेकांनी त्या चुलीत घातल्या. रुपचंदनी त्या वसाहतीतल्या नूर महंमद सुतारांकडे नेल्या.

"काय बनवायचं, भाऊ? दरवाजा?"

"खुर्ची. हात असलेली. साहेबाची असते तशी."

नूर महंमदांनी फळ्यांवर बोटं वाजवून पाहिली. रंधा मारता मारता रुपचंद त्यांना जे बोलले ते मी ऐकलं, कारण ते माझ्याबद्दलच होतं. रुपचंदांचे वडील गावात उभ्या जन्मात खुर्चीवर बसले नव्हते. बसू दिलं नव्हतं. पाटलाच्या ओट्यासमोर जायचं ते खाली मातीत बसायचं, आणि बोलावलं तरच मान वर करायची. लहानपणी रुपचंद त्यांच्या शेजारी बसलेले होते.

"माझ्या घरात कोणी खाली बसणार नाही," रुपचंद म्हणाले.

"लकडी तो एक ही की है, रुपचंदभाऊ," नूर महंमद म्हणाले. "बारी बारी से बैठना."

पाठीची शेवटची फळी बसवताना त्यांच्या लक्षात आलं की तिच्या मागच्या बाजूला खोक्यावरचा काळा बाण राहून गेला आहे. माल ठेवताना वरची बाजू कुठली ते दाखवणारा. फळी उलटी बसल्यामुळे तो जमिनीकडे तोंड करून होता. नूर महंमद फळी काढायला निघाले, तर रुपचंद म्हणाले, "राहू द्या. मागून कोण बघतं?"

माझे ते दिवस भरभराटीचे होते. संध्याकाळी पाळी संपवून रुपचंद यायचे, हातपाय धुवून माझ्यावर बसायचे आणि पेपर वाचायचे. शेजारीपाजारी येऊन माझ्या हातांवरून हात फिरवायचे. दीपमाला माझ्यावर बसून शिकली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून ते तिचं नोकरीचं पहिलं पत्र आलं तोवर. धाकटा युवराज अभ्यासाला मांडी घालून बसला की रुपचंद ओरडायचे, "खाली बसायचं नाही!" ते वाक्य आमच्या घरात इतक्यांदा उच्चारलं गेलं की ते दाराच्या कडीसारखं घराचाच भाग झालं.

एकच माणूस ते ऐकत नसे. मंदाबाई माझ्यावर कधी बसल्या नाहीत. भाकरी खाली, धान्य निवडणं खाली, जेवण खाली. पौर्णिमेला बुद्धविहारात जायच्या, तिथेही सतरंजीवर मांडी घालून वंदनेला बसायच्या आणि कपाळ जमिनीला टेकवून उठायच्या. रुपचंद म्हणायचे, "अगं, तुझ्यासाठी पण केलीय ती." त्यावर मंदाबाई म्हणायच्या, "जमीन बी आपलीच शे." रुपचंदांना हे कधी पटलं नाही, आणि त्यांनी ते कधी मनापासून नाकारलंही नाही.

निवृत्तीनंतर ते पिंप्राळ्यात आले. काही वर्षांनी रुपचंद गेले. युवराज दीपनगरलाच लागला, शिफ्टमध्ये. घरात प्लास्टिकच्या हलक्या खुर्च्या आल्या. माझ्यावर धुतलेले कपडे पडू लागले, युवराजच्या मुलीचं, समीक्षाचं, दप्तर पडू लागलं, आणि मग ओझ्याखाली मी दिसेनाशी झाले. मी तक्रार करत नाही. जुन्या वस्तूचं असंच होतं. पण मंदाबाई दर रविवारी सगळं ओझं उचलून मला पुसायच्या, आणि पुसून झालं की माझ्यासमोर जमिनीवरच बसायच्या.

आता पुढचं ऐका. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोळ्यासारखं असतं, आणि गोळ्याच्या खाली मान असते. मंदाबाईंची ती मान मोडली होती. मोडलेला गोळा काढून डॉक्टरांनी त्या जागी धातूचा गोळा बसवला. खोबण त्यांची स्वतःचीच ठेवली. म्हणून याला अर्धा सांधा बदलणं म्हणतात. दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकर देऊन उभं केलं. हे सगळं मी फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं, कारण खुर्चीला दवाखान्यात कोण नेतं? दीपमाला युवराजला समजावून सांगत होती, "नाहीतर अंथरुणाला खिळली असती. शस्त्रक्रिया करणंच योग्य होतं." ते खरंच योग्य होतं. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

घरी येताना डॉक्टरांनी बजावलं होतं: खाली बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. बसायचं ते उंच आणि हाताच्या खुर्चीवर. प्लास्टिकच्या खुर्च्या बुटक्या निघाल्या. मग माझ्यावरचे कपडे काढले गेले. युवराजने मला सुताराकडे नेलं आणि माझ्या चारही पायांना लाकडी ठोकळे ठोकून घेतले. इतक्या वर्षांनी माझी कुणाला तरी गरज पडली होती. मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

मंदाबाईंना माझ्याजवळ आणलं. शस्त्रक्रियेनंतर त्यांचं डोकं काही दिवस भरकटत होतं. कधी त्या दीपनगरच्या घरात असायच्या, कधी माहेरी. मला पाहून त्या वॉकरला धरून थबकल्या. "हाई त्यासनी जागा शे," त्या म्हणाल्या. "ते येतीन ना आते ड्युटीवरून."

"आई, बस. आबांनी तुझ्यासाठीच केली होती ती," दीपमाला म्हणाली.

मंदाबाई बसल्या. काठावर, पाहुणीसारख्या. त्यांचा सगळा भार उजवीकडे होता.

दीपमालाने ठरवलं, आईला धुळ्याला न्यायचं.

"ताई, तिला इथं करमतं," युवराज म्हणाला. "ओटा आहे, बाया येतात. समीक्षा पण दुपारी शाळेतून येतेच."

"ओट्यावरच पडली ना ती? आणि तुम्ही तिला खाली बसू द्याल. ती मागेल आणि तुम्ही द्याल."

मोठ्या बहिणीने घरात सगळ्यात जास्त वाचलं होतं. सांधा निसटला तर काय होतं, दुसऱ्या शस्त्रक्रियेला या वयात किती जणी टिकतात, ते तिला तोंडपाठ होतं. हेही तिने वाचलं होतं, की खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी बरीच जणं वर्षभरात जातात. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिने फक्त सामान बांधलं. मी टेम्पोत वॉकरच्या शेजारी दोरीने बांधलेली होते. पारोळा मागे पडलं तेव्हा पुढे गाडीत मंदाबाई काय बोलत असतील, याचा मी विचार करत होते. तो रस्ता त्यांच्या माहेराकडे जाणारा होता.

पण माहेर खेड्यात होतं आणि दीपमालाचं घर धुळ्यात तिसऱ्या मजल्यावर. ओटा नव्हता. गुळगुळीत टाइल्स होत्या, ज्यांवर आईचा पाय घसरेल अशी दीपमालाला धास्ती वाटायची. दिवसभरासाठी तिने बेबाबाई नावाची बाई ठेवली. औषधं वेळेवर होती, दूध होतं, व्यायाम होता. कमी काहीच नव्हतं. फक्त मंदाबाई सकाळी माझ्यावर बसायच्या आणि संध्याकाळी माझ्यावरच असायच्या.

त्या घरात बुद्धमूर्ती एका बुटक्या कपाटावर होती. खुर्चीवर बसून मूर्तीपेक्षा उंच राहायचं हे मंदाबाईंना सहन होईना. पहिल्या दिवशी त्यांनी वंदनाच केली नाही. मग दीपमालाने भिंतीत वर फळी ठोकून घेतली आणि मूर्ती तिच्यावर ठेवली. आता मूर्ती उंच झाली खरी, पण तिच्यापुढे मेणबत्ती लावायला मंदाबाईंचा हात पोचेना. ती दीपमाला लावू लागली. मंदाबाई माझ्यावरून हात जोडायच्या. कपाळ टेकवायला त्या पुढे वाकल्या की दीपमाला हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवायची. "नको, आई. नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही."

तीन महिन्यांनी तपासणीला जळगावला नेलं. दुसऱ्या दिवशी दीपमाला कॉलेजात गेल्यावर मंदाबाईंनी माझ्यावर बसून तो सगळा किस्सा बेबाबाईंना सांगितला. डोकं आता पूर्ण ताळ्यावर आलं होतं, आणि नकला करायची सवयही.

"येक पोऱ्या डॉक्टर व्हता. मास्तरसारखा इचारे. 'आजी, मोजे घालता येतात का?' मी म्हनं, मी काय कलेक्टर शे का मोजा घालाले?"

बेबाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"'बसमध्ये चढता येतं का?' म्हनं, चढाडशात तं चढसू. मंग इचारस, 'साध्या खुर्चीवर तासभर बसता येतं का?'" मंदाबाईंनी माझ्या हातावर थाप मारली. "म्हनं, साहेब, तास कसाना? बठ्ठा दिन बसस. तो खूश व्हयना. लगेच मार्क दिनात."

"मंग, मावशी? पास?"

"पास! पापडमा नई, पन खुर्चीमा पास व्हयनू मी."

दोघी हसल्या. मग मंदाबाईंचा आवाज बदलला. एक्स-रे फार सुंदर आला होता. मोठ्या डॉक्टरांनी तो उजेडात धरून सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवला होता. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "साहेब, मी खाले बसू का?" डॉक्टर म्हणाले होते, बसणारे बसतात. आता सुरुवातीइतका धोका नाही, पण निसटायची भीती थोडी राहतेच. घरच्यांशी बोलून ठरवा.

"मी दीपाकडे दखं," मंदाबाई म्हणाल्या. "दीपा जमीनकडे दखे."

मित्रांनो, त्या प्रश्नांच्या यादीत जमिनीवर बसता येतं का, हा प्रश्न नव्हताच. जिथे कोणी जमिनीवर बसत नाही अशा कुठल्या तरी देशात ते प्रश्न तयार झाले असतील. माझ्यावर तासभर बसता येणं हीच बरं होण्याची खूण ठरली. माझ्या जन्मात मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं कौतुक होतं. ते मला नको होतं.

पावसाळा सरता सरता एक दुपार आली. बेबाबाई खाली बसून ज्वारी निवडत होत्या. मंदाबाई बराच वेळ त्या सुपाकडे पाहत होत्या.

"बेबा, माले खाले उतार."

"ताई रागावतील, मावशी."

"पाच मिन्टं. भिंतले पाठ लाईसन. पाय सरळ ठेवसू, मांडी नई घालत."

बेबाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग मंदाबाईंकडे. त्यांनी सतरंजी आणली, उशी आणली. मंदाबाईंच्या बगलेत हात घातला. मंदाबाई माझ्यावरून उठल्या, त्यांचा एक हात माझ्या हातावर घट्ट होता, आणि त्या पकडीत मला तीन महिन्यांपूर्वी नव्हतं ते बळ जाणवलं. तेवढ्यात किल्ली वाजली. कॉलेज लवकर सुटलं होतं.

"बेबाबाई!"

मंदाबाई परत माझ्यावर बसल्या. ते बसणं मला अजून लागतं.

"तुम्हाला काय सांगितलं होतं मी? सांधा निसटला तर तुम्ही येणार आहात ऑपरेशनला?"

"तिले नको बोलू," मंदाबाई म्हणाल्या. "मी सांगं व्हतं."

बेबाबाई सूप घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. दीपमाला माझ्यासमोर उभी राहिली. ती ओरडली नाही. तिचा आवाज जितका खाली जातो तितका तो कठीण होतो.

"आई, आबांनी ही खुर्ची कशासाठी करून घेतली ते तुला माहीत आहे ना? त्यांच्या बापाला मातीत बसवलं लोकांनी. खाली बसायचं नाही, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. आज तुला खुर्ची आहे, तुला बसवायला माणसं आहेत, आणि तू जमिनीसाठी भीक मागितल्यासारखं करतेस?"

मंदाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत न गेलेली बाई शिकलेल्या लेकीला समजावते तेव्हा असतो तसा थोडा संकोच होता.

"त्यासले लोके खाले बसाडेत, बेटा," त्या म्हणाल्या. "माले कोणी बसाडत नई. मी बसस."

दीपमाला खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून, दुपारी झोप लागली तर आई घसरून खाली येऊ नये म्हणून, तिने आपली एक मऊ ओढणी माझ्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत बांधायला सुरुवात केली. मंदाबाईंच्या पोटावरून. गाठ अगदी सैल असायची, कुठे रुतू नये म्हणून ती खाली रुमाल ठेवायची. मंदाबाईंना ती एका बोटाने सोडता आली असती. त्यांनी सोडली नाही. एकदाच त्या बेबाबाईंना म्हणाल्या, "दख, माले खुर्चीले बांधी ठेयेल शे." बेबाबाई हसल्या नाहीत, म्हणून मग मंदाबाईंनी पुन्हा तो विनोद केला नाही.

त्यानंतर त्यांनी खाली बसायचं नाव काढलं नाही. दीपमालाने युवराजला फोनवर सांगितलं, "आता समजूत पटलीय तिची." मी त्यांचा भार अंगावर घेत होते, मला ठाऊक होतं काय पटलं होतं ते. त्या हलक्या होत होत्या. आधी जेवण उरू लागलं, मग चालणं सुटलं. वॉकर भिंतीशी उभा राहू लागला. नकला थांबल्या. वर ठेवलेल्या मूर्तीकडे त्या हात जोडायच्या, पण मान वर करायचा कंटाळा करायच्या. माझ्या हातांवर त्यांची बोटं असायची, आणि ती काहीच धरून नसायची.

थंडी सुरू झाली तसा खोकला आला. छातीत कफ भरला. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा ओढणी माझ्या हाताला लोंबकळत राहिली. चौथ्या दिवशी फोन आला. निमोनिया, असं सगळ्यांनी सांगितलं. खुब्याचं कुणी नावही घेतलं नाही, आणि घ्यायचं कारणही नव्हतं. सांधा शेवटपर्यंत उत्तम होता. पिंप्राळ्याला नेऊन अंत्यसंस्कार झाले. अस्थी गोळा करताना राखेत तो धातूचा गोळा सापडला, असं युवराज दीपमालाला हळू आवाजात सांगत होता. कुठे झीज नाही, ओरखडा नाही. एकदाही न निसटलेला.

मला टेम्पोने परत आणलं. त्या खिडकीशी.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू आमची गोष्ट संपवताना काळजी घ्यायला सांगतो. आम्हाला पुसा, आम्हाला उन्हात टाकू नका, माणसांनाही असंच जपा. मी ते सांगू शकत नाही. मंदाबाईंची काळजी कमी पडली, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? औषध चुकलं नाही, सांधा हलला नाही, गाठ कधी रुतली नाही. ज्याला तुम्ही जपता त्याला जरा विचारा, की बाबा, तुला बसायचं कुठे आहे. आणि उत्तर तुम्हाला पटलं नाही तरी ते उत्तर त्याचं आहे, एवढं लक्षात ठेवा. मी खुर्ची आहे. मला विचारलं असतं तर मीच म्हणाले असते, तिला उतरवा.

मंदाबाईंच्या पुण्यस्मरणाच्या, म्हणजे जलदान विधीच्या दिवशी बैठकीतलं सगळं सामान बाहेर काढलं. ओट्यापासून आतपर्यंत सतरंज्या अंथरल्या. पांढऱ्या साड्यांतल्या बायका येऊन बसल्या, लताबाई ओट्यावर, भिंतीला टेकून. पापडांची ती सगळी मंडळी होती. युवराजने मला धुऊन पुसून मधोमध ठेवलं, माझ्यावर पांढरं कापड घातलं, आणि त्यावर मंदाबाईंचा हार घातलेला फोटो उभा केला. समोर मेणबत्त्या. घरात उंचावर बसलेलं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे मंदाबाई.

वंदना सुरू व्हायची होती. दीपमाला आतून आली. ती माझ्यासमोर येऊन थांबली. तिच्या खांद्यावर तीच ओढणी होती की दुसरी, मला कळलं नाही. मग तिने दोन्ही हातांनी फोटो उचलला.

"ताई?" युवराज पुढे आला. "अगं, फोटो खाली ठेवत नाहीत."

तिने ऐकलं नाही. फोटो छातीशी धरून ती बायकांमधून वाट काढत ओट्यावर गेली. लताबाई बाजूला सरकल्या. मार्चमध्ये जिथे पोळपाट होता, त्या जागी सतरंजीवर दीपमाला गुडघ्यांवर बसली. फोटो तिने भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला. आणि मग, शाळेत गेल्यापासून तोंडातून काढून टाकलेल्या आईच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"माय, बस. खाले बस."